फुटबॉलचं मैदान म्हणजे किती गुंठे?

निळीशाई

पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक आहे. रात्रपाळीत एजन्सीच्या इंग्रजी बातम्या मराठीत करणं हे निम्मं काम. राजकारण, अपघात, बाजारभाव यांना हात बसलेला असतो, तिथे अडत नाही. अडतं ते बातमीत काही मोठं किंवा उंच आलं की. लघुग्रह जवळून गेला, तो तीन फुटबॉल मैदानांएवढा. पूल झाला, तो आयफेल टॉवरहून उंच. देवमासा किनाऱ्याला लागला, तो दोन डबलडेकर बसएवढा. विशेषणांचं तर विचारूच नका. जहाज मॅमथ, कर्ज मॅमथ, सभा मॅमथ.

डेस्कवर दोन पंथ आहेत. पहिला सगळं जसंच्या तसं देवनागरीत उतरवून मोकळा होतो. दुसरा शुद्ध मराठीवाला, म्हणजे सरसकट 'महाकाय' करणारा. महाकाय जहाज, महाकाय लघुग्रह, महाकाय कर्ज. कर्जाला काया कुठून आली, हे कोणी विचारत नाही.

मला दोन्ही पटत नाही. 'मॅनहॅटनच्या अमुक पट' वाचून नारायणगावच्या वाचकाला काय दिसणार? (आणि डेक्कनवरच्या तरी काय दिसतं म्हणा.) पण नुसतं 'प्रचंड मोठा' लिहिलं तर तेवढंही दिसत नाही. तुम्ही काय करता? बोलताना, लिहिताना, मुलांना समजावताना?

कोथरूडची_सई

पहिली!

'गगनचुंबी' वाचून मला आजवर एकही इमारत डोळ्यांसमोर आलेली नाही. 'बावीस मजली' म्हटलं की मान किती वर करायची ते कळतं. आमच्या ग्रुपमध्ये सर्रास 'मॅसिव्ह' आणि 'ह्यूज' चालतं, त्यातूनही काही दिसत नाही, फक्त तोंड भरतं. त्यामुळे यात मराठी विरुद्ध इंग्रजी असं काही नाहीच. विशेषण कुठल्याही भाषेतलं असो, पोकळच.

मी जाहिरातींची कॉपी लिहिते. बिल्डरला नावात 'हाइट्स', 'स्काय', 'टॉवर', 'ग्रँड' यांतलं एक तरी लागतंच. आमच्या भागात एक 'हाइट्स' आहे, तळमजला धरून चार मजले आणि लिफ्ट नाही. पूर्ण नाव सांगणार नाही, मावशी राहते तिथे. जुन्या वाडेवाल्यांना असलं काही सुचलं नाही. वाडा केवढा? तर चारचौकी. चौक मोजा आणि काय ते समजा.

अर्धाकप

'टोलेजंग' तेवढा वाचवा रे कोणीतरी. त्या शब्दाला आवाज आहे.

मोजणीदार

निळीशाई ताई, जमीनमोजणीच्या कामातून निवृत्त झालो तरी हाताची खाज जात नाही. म्हणून आधी हिशेब.

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचं मोठ्या सामन्यांचं मैदान १०५ मीटर बाय ६८ मीटर असतं. क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१ चौरस मीटर आणि वर किंचित. तेव्हा हे मैदान झालं सत्तर गुंठे. पावणेदोन एकर.

पण तुमची एजन्सी अमेरिकेतली असेल तर तिकडचा फुटबॉल वेगळा आणि मैदानही वेगळं. दोन्ही टोकांच्या पट्ट्या धरून ३६० फूट बाय १६० फूट. हे त्रेपन्न गुंठे. टोकांच्या पट्ट्या सोडून नुसता मधला भाग धरला, तर ३०० बाय १६०, म्हणजे चव्वेचाळीस गुंठे.

आता बघा. बातमीत शब्द एकच, पण त्यात चव्वेचाळीसपासून सत्तर गुंठ्यांपर्यंत काहीही बसतं. सव्वीस गुंठ्यांचा फरक! आपल्या जिल्ह्यात याहून कमी जागेपायी सख्खे भाऊ तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

माझं मत विचाराल तर धरण, कारखाना, वणवा, विमानतळ यांच्या बातम्यांत थेट एकर किंवा गुंठे द्या. आपला वाचक गुंठ्यात विचार करतो. फ्लॅटवालासुद्धा रविवारी प्लॉट बघायला जातोच.

कोथरूडची_सई

काका, हे भारी आहे. पण लघुग्रह गुंठ्यांत कसा सांगणार? 'सत्तर गुंठ्यांचा लघुग्रह' छापलं तर लोक त्याचा सातबारा शोधतील.

मोजणीदार

सईबाई, रास्त शंका. लघुग्रहाच्या बातमीत मैदानाचं क्षेत्रफळ नसतं, लांबी असते. शंभर-एकशेदहा मीटर. तिथे गुंठा उपयोगाचा नाही, क्रिकेटची खेळपट्टी घ्या. बावीस यार्ड म्हणजे ६६ फूट, वीस मीटरला थोडी जास्त. पाच खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या की शंभर मीटर. गल्लीत स्टंप रोवून पावलांनी खेळपट्टी आखलेली नाही असा माणूस पुण्यात सापडायचा नाही.

जाता जाता एक गंमत. ही ६६ फुटांची लांबी म्हणजे इंग्रजांची जमीन मोजायची साखळी, आणि आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे बरोबर अर्धी साखळी. खेळपट्टी आणि गुंठा एकाच मोजपट्टीची भावंडं आहेत. साखळी बाय साखळी चार गुंठे, असे दहा चौकोन म्हणजे एकर.

निळीशाई

काका, खेळपट्टीचं उद्याच वापरते. डेस्कवर विरोध होईल बहुतेक. 'मूळ कॉपीत नाही' हे आमच्याकडचं ब्रह्मवाक्य.

दुर्बिणवाला

मोठेपणाचे इंग्रजी शब्द कसे संपत जातात ते बघायचं असेल तर दुर्बिणींची नावं वाचा. थट्टा करत नाहीये, ही सगळी अधिकृत नावं आहेत.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोत रेडिओ दुर्बिणींचा एक संच आहे, त्याचं नाव 'व्हेरी लार्ज ॲरे'. पंचवीस मीटर व्यासाच्या सत्तावीस थाळ्या. चिलीत आठ मीटरहून मोठ्या आरशांच्या चार दुर्बिणी आहेत, त्या 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप'. पुढे युरोपियनांनी त्याच देशात ३९ मीटरच्या आरशाची दुर्बीण बांधायला घेतली. 'व्हेरी' तर आधीच खर्ची पडलेलं, म्हणून ती 'एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप'. त्याआधी त्यांच्या डोक्यात १०० मीटरच्या आरशाची दुर्बीण होती. तिचं नाव 'ओव्हरव्हेल्मिंगली लार्ज टेलिस्कोप'. ती कागदावरच राहिली, एवढा आरसा फार महागात पडला असता. बांधली असती तर पुढच्या दुर्बिणीला शब्द कुठून आणला असता, देव जाणे.

आणि ज्या प्रकल्पात आपला देश सहभागी आहे, पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्थाही आहे, त्याचं नाव 'थर्टी मीटर टेलिस्कोप'. विशेषणाला सुट्टी, नुसतं माप. मला हे नाव सगळ्यांत आवडतं.

आता आपल्या घरची. नारायणगावजवळ खोडदला जी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या नावातच 'जायंट' आहे. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, त्यांतल्या चौदा मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, साधारण पंचवीस किलोमीटरच्या परिसरात. अमेरिकेतल्या 'व्हेरी लार्ज'ची एकेक थाळी पंचवीस मीटरची, आपली पंचेचाळीसची, हेही नोंदवून ठेवतो. नारायणगावचा वाचक म्हणालात ना, त्याच्याकडे हे माप रोजच्या रस्त्यावर उभं आहे.

मोजणीदार

पंचेचाळीस मीटर व्यासाचं वर्तुळ म्हणजे १,५९० चौरस मीटर. एका थाळीखाली पावणेसोळा गुंठे.

दुर्बिणवाला

काका __/\__

अर्धाकप

सगळं इंग्रजी हाकलायची गरज नाही. काही शब्द आता आपलेच झालेत. 'जंबो' घ्या. मुळात हे एका हत्तीचं नाव. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला आफ्रिकन हत्ती. १८८२ मध्ये बार्नम नावाच्या अमेरिकन सर्कसवाल्याने विकत घेतला, आणि तीनच वर्षांनी कॅनडात रेल्वेच्या धडकेत तो गेला. त्याच्यावरून मोठं ते सगळं जंबो झालं. आपल्याकडे विमान जंबो, सर्कस जंबो, अनिल कुंबळे जंबो. २०२० मध्ये सीओईपीच्या मैदानावर कोविडसाठी तात्पुरतं रुग्णालय उभारलं, ते अख्ख्या पुण्याच्या तोंडी 'जंबो'च होतं. 'जंबोत बेड मिळाला का' हे वाक्य त्या दिवसांत किती घरांत बोललं गेलं असेल! तिथे 'महाकाय रुग्णालय' कोणी म्हटलं असतं का?

तसंच 'मेगाब्लॉक'. लोणावळा लोकलने जाणारा माणूस याला इंग्रजी मानतच नाही. 'मेगा' आणि आपलं 'महा' मुळात एकाच घराण्यातले, ग्रीक आणि संस्कृत शाखा वेगळ्या झाल्या इतकंच.

'मॅमथ' मात्र मलाही नको. तो शब्द इंग्रजीत रशियनमधून आला, सायबेरियाच्या बर्फात सापडणाऱ्या केसाळ हत्तींचं नाव म्हणून. आपल्याकडे जिवंत हत्ती असताना मेलेला कशाला हवा? शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाबद्दल सांगताना जुने लोक म्हणतात, अंबारीसकट हत्ती जाईल एवढा. झाली उंची सांगून, रुंदीही सांगून.

जुन्नरची_लेक

बरोबर. आमच्याकडे माप अंगावरच असतं. विहीर 'सात परस', म्हणजे एकावर एक सात माणसं उभी राहतील एवढी खोल. ऊस पुरुषभर, गवत कमरेएवढं, पाणी गळ्याशी, मुलगा 'खांद्याला लागला'. लग्न होऊन पुण्यात आले तर इथेही तेच. सासरे नारायण पेठेतले. पानशेत फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ ला, ते शाळकरी होते. पूर केवढा होता विचारलं तर आजही फूट सांगत नाहीत. 'वरच्या कठड्याला हात घातला की पाणी लागत होतं,' एवढंच म्हणतात. मग गप्प होतात.

या असल्या वाक्यापुढे आयफेल टॉवर काय करणार?

टेकडीफिरस्ता

आयफेलची बाजू थोडी घेतो, कारण मापाला काही वेळा टोक लागतं. चिनाब नदीवरचा रेल्वेपूल पात्रापासून ३५९ मीटर उंच आहे. नुसता आकडा लिहिला तर वाचणारा पुढे जातो. 'आयफेलपेक्षा उंच' लिहिलं की थबकतो, पॅरिसला गेलेला नसला तरी. चित्रात तरी टॉवर सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण पुण्यात छापताना मी सिंहगड आणेन. आतकरवाडीतून जी पायवाट चढतो, तिची उभी चढण त्या पुलाच्या दीडपट तरी भरते. दर रविवारी हजारो पुणेकरांच्या पोटऱ्यांना हे माप माहीत असतं. डोळ्यापेक्षा पोटरीची आठवण पक्की.

मात्र गडाची उंची सांगताना सावध राहा. सिंहगड १,३१२ मीटर म्हणतात, पण ती समुद्रसपाटीपासून. पुणं शहरच साधारण ५६० मीटरवर बसलंय. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून धापा टाकणाऱ्या माणसाला 'आपण समुद्रापासून सहाशे मीटरच्या वर आहोत' सांगितलं तर त्याला उगाच शेर्पा झाल्यासारखं वाटतं. कळसूबाईला 'महाराष्ट्राचं एव्हरेस्ट' म्हणायची पद्धत मला म्हणूनच खटकते. १,६४६ मीटरचं आपलं सगळ्यांत उंच शिखर, वर देवीचं देऊळ, चढायला शिड्या. तिला साहेबाचं आडनाव कशाला?

एव्हरेस्टवरून आठवलं. १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. हिशेब बरोबर २९,००० आला होता, पण एवढा गोल आकडा अंदाजपंचे वाटेल म्हणून वर दोन फूट चढवले, असं सांगितलं जातं. खरं असो वा नसो, मोजणीदारांना आवडेल.

आणि विशेषण वापरायचंच असेल तर महाराजांसारखं वापरावं. तोरण्याला 'प्रचंडगड' नाव दिलं. १,४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यांत उंच किल्ला, आणि माथ्याचा विस्तार असा की एका फेरीत दिवस मोडतो. तिथे 'प्रचंड' शोभतं. सेलच्या जाहिरातीत नाही.

मोजणीदार

आवडलं. पण दोन फूट चढवणाऱ्याला आमच्या खात्यात ठेवला नसता.

पोथीवाला

'स्कायस्क्रेपर' आपल्याकडे नव्हतंच, असा समज दिसतो, म्हणून लिहितो. इंग्रजीत हा शब्द आधी जहाजाच्या डोलकाठीवरच्या सगळ्यात वरच्या शिडाला होता. शिकागोत १८८० च्या दशकात उंच इमारती उठल्या तेव्हा तो इमारतींना लागला. त्यांतली ज्या इमारतीला पहिली स्कायस्क्रेपर म्हणतात, ती १८८५ ची आणि दहा मजली! आज बाणेर-बालेवाडीला दहा मजल्यांना कोणी मान वर करून बघत नाही.

आणि आकाश खरवडायची कल्पना? पाणिनीच्या सूत्रांनी 'अभ्रंकष' आणि 'अभ्रंलिह' असे शब्द सिद्ध होतात. एक ढगांना घासणारा, दुसरा ढगांना चाटणारा. आपल्या वाट्याला त्यातलं सगळ्यांत गुळगुळीत 'गगनचुंबी' उरलं, त्याला आता सईसारख्यांनी नावं ठेवली तर नवल नाही.

देवघेव उलटीही झाली आहे. पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून इंग्रजीने 'जगरनॉट' केला, म्हणजे वाटेत येईल ते चिरडत जाणारी अवजड गोष्ट. ब्रिटनमध्ये मोठ्या मालट्रकलाही तेच म्हणतात. आणि १९१९ च्या सत्याग्रहानंतर नडियादला गांधीजींनी आपल्या अंदाजाला हिमालयाएवढी चूक म्हटलं, तेव्हापासून आपल्या इंग्रजीत चुका 'हिमालयन' होऊ लागल्या.

अर्धाकप

उंचीच्या तुलनेत आणखी एक घोळ असतो. स्टॅच्यू ऑफ युनिटी २०१८ मध्ये झाला तेव्हा सगळीकडे एकच वाक्य होतं: 'स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या जवळपास दुप्पट'. आता आपला पुतळा १८२ मीटर, हा नुसता पुतळा. लिबर्टीचे ९३ मीटर सांगतात ते चौथऱ्यासकट. नुसती बाई ४६ मीटरची. म्हणजे पुतळ्याला पुतळा लावला तर चौपट! आपल्या धुळ्याकडच्या राम सुतारांनी केलेलं काम, आणि आपणच इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उतरवून निम्मं करून टाकलं.

निळीशाई, डेस्कवर एवढं तरी करा. दोन्ही बाजू एकाच जोत्यापासून मोजल्या आहेत का बघा.

निळीशाई

हे लिहून घेतलं. 'एकाच जोत्यापासून' हा नियम संगणकावर चिकटवते.

कोथरूडची_सई

कोणीच 'जायंट व्हील'बद्दल बोललं नाही! चतुःशृंगीच्या जत्रेत लहानपणी आम्ही 'आकाशपाळणा' म्हणायचो. आता माझा भाचा 'जायंट व्हील'च म्हणतो. इथे मात्र मी विशेषणाच्या बाजूने. 'आकाशपाळणा' म्हटलं की वर जाताना पोटात येणारा गोळासुद्धा आठवतो. मीटर नकोत मला तिथे.

दुर्बिणवाला

म्हणजे सई, तुझा नियम तूच मोडलास.

कोथरूडची_सई

नियम इमारतींपुरता होता. पाळणा वेगळा :)

निळीशाई

आता एक खराखुरा नमुना देते. ए२३ए नावाचा हिमनग. १९८६ मध्ये अंटार्क्टिकाच्या हिमस्तरापासून तुटला, मग समुद्रतळाला टेकून वर्षानुवर्षं तिथेच अडकला आणि अलीकडे वाहू लागला. २०२३ च्या अखेरीस तो सुमारे ४,००० चौरस किलोमीटरचा होता. इंग्रजी बातम्यांत वाक्य ठरलेलं: 'लंडनच्या दुपटीहून मोठा'. आम्हीही तेच छापलं. अशी बातमी पुन्हा आली तर काय लिहू? गुंठे नकोत, काका!

मोजणीदार

गुंठे कशाला. पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटर. त्याचा पाव भाग, किंचित जास्त. 'पुणे जिल्ह्याच्या पाव भागाएवढा बर्फाचा तुकडा.' लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंत एसटीने गेलेल्या माणसाला कळेल.

निळीशाई

सुंदर. पण आमचा अंक नगरला आणि सोलापूरलाही जातो. तिकडचे म्हणणार, पुण्याचंच माप का?

मोजणीदार

नगर १७,०४८ चौरस किलोमीटर, राज्यात सगळ्यांत मोठा जिल्हा. तिथेही पावच, किंचित कमी. सोलापूर १४,८९५, पाव आणि वर थोडं. तिन्ही आवृत्त्यांत 'आपल्या जिल्ह्याच्या पाव भागाएवढा' एवढंच छापा, कोणाची तक्रार येणार नाही. साताऱ्याची आवृत्ती असेल तर मात्र आधी सांगा. तो १०,४८० चा आहे, तिथे दोन पंचमांश लिहावं लागेल.

निळीशाई

साताऱ्याची आहे हो काका. तिचंच पान सगळ्यात आधी सुटतं.